पेसेतोचा चोथा

देल्मिरा रस्त्याच्या पलीकडून येताना दिसली की गोयो खाटीक सुरी पुसायला घ्यायचा. काय हवं, हे विचारायची गरजच उरली नव्हती. पेसेतो. मागच्या मांडीतला तो लांबट गोल तुकडा, ज्यात चरबीची रेघ शोधूनही सापडत नाही. सान एलीसेओत पेसेतोला एरवी नाताळातच काय तो भाव. तेव्हा तो उकडून, गार काप करून, वर माशाची चटणी थापून पाहुण्यांपुढे ठेवतात आणि पाहुणे 'वा वा' म्हणत निखाऱ्यावरच्या बरगड्यांकडे वळतात. बिनचरबीचं मांस रोज मागणारा माणूस या गावात एक तर आजारी असतो, नाहीतर राजधानी मोंतेविदेओहून आलेला.

"म्हाताऱ्याचा बैल करणार आहेस का गं?" गोयोने तुकडा तोलत विचारलं.

"बैल कशाला, माणूस झाला तरी पुरे."

"परवापर्यंत याच्या निम्मं नेत होतीस."

"त्या आहारवाल्या पोरीनं वाढवायला सांगितलंय. बांध मुकाट्यानं."

गोयोने मुकाट्याने बांधलं. देल्मिरा ओलिवेराशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस गावात अजून कुणी पाहिला नव्हता. ती धिप्पाड बाई होती, सत्तरीला आली तरी गॅसची टाकी एकटी उचलायची, आणि आजारपण हा तिला समोरच्याचा हलगर्जीपणा वाटायचा. म्हणून तर नवऱ्याचं दुखणं तिला इतकं लागलं होतं.

वाल्देमार, तिचा नवरा, सगळी उमर घोड्यावर बसून गुरांचे कळप हाकत आलेला माणूस. ऐन उन्हाळ्यात त्याच्या आतड्याला पीळ पडला. डॉक्टर इतुर्रियांनी रातोरात पोट उघडलं, सडलेला भाग कापून टाकला आणि उरलेल्या आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी चिकटवली. जीव वाचला. पिशवी मात्र अंगावर राहिली. वाल्देमारच्या मते ती वाजायची, तिला वास यायचा आणि शर्टातून ती सगळ्या गावाला दिसायची. तेव्हापासून तो क्लबात पत्ते खेळायला गेला नव्हता. दोस्त घरी आले तर झोपेचं सोंग घ्यायचा. घोड्याचं तर नावच नको.

"आतडं परत जोडता येतं," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पण शिवलेलं जुळून यायला अंगात काहीतरी असावं लागतं. हा माणूस पार सुकलाय. रक्तातलं प्रथिन वाढू दे, वजन वाढू दे, मग बघू. आणि फार उशीर करू नका. वय बघता पुढे मलाच धीर होणार नाही. मग पिशवी कायमची."

कायमची हा शब्द ऐकल्यावर वाल्देमारने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, आणि देल्मिराने तिथल्या तिथे ठरवलं होतं की हे होऊ द्यायचं नाही. इस्पितळातल्या आहारवाल्या पोरीने, नोएलियाने, काय खायचं ते समजावून सांगितलं: बिनचरबीचं गाईचं मांस, पेसेतो असेल तर फारच उत्तम, दोन्ही वेळ. देल्मिराला मनातून बरं वाटलं. शिकलेली पोरगी अखेर देल्मिराच्या आईचंच औषध सांगत होती.

ते औषध ती डोळ्यांत तेल घालून करायची. पेसेतोचे बोटभर जाड काप लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसते दाखवल्यासारखे करायचे, आत लालच राहिले पाहिजेत. मग त्याचे तुकडे बटाटे कुस्करायच्या लोखंडी दाबणीत घालायचे आणि दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून, पिळायचं. लाल रस वाटीत उतरायचा. त्यात चिमूटभर मीठ. वाटी कोमट पाण्यात ठेवून ऊब आणायची, पण उकळी नाही, नाहीतर रस फाटतो. तो रस वाल्देमारने तिच्यासमोर प्यायचा, वाटी उलटी करून दाखवायची. दाबणीत उरायचा तो करड्या रंगाचा कोरडा चोथा. तो ती परसदारी नेऊन कापितानपुढे टाकायची.

कापितान हा त्यांचा कुत्रा. नावाला शोभेल असं त्याने आजवर काही केलं नव्हतं. पण हल्ली त्याची कांती अशी काही उजळली होती की शेजारीण थांबून बघायची. पाठीवर हात फिरवला तर फासळ्या लागत नव्हत्या, आणि मांजर दिसलं तरी तो आधी विचार करायचा.

इकडे वाल्देमारचा पट्टा एकेक भोक आत चालला होता.

दर खेपेला इस्पितळात वजन घेताना नोएलिया बुचकळ्यात पडायची आणि मोठ्या बाईला म्हणतात तसं 'दोन्या' म्हणून विचारायची. "दोन्या देल्मिरा, खरं सांगा. मांस देताय ना?"

"रोज. दोन्ही वेळ. गोयोला विचार हवं तर."

"पेसेतोच?"

"पेसेतो नाही तर काय, कोंबडी?" कोंबडीला या भागात मांस म्हणत नाहीत.

"आणि उरवत नाहीत?"

"माझ्यासमोर? बिशाद आहे त्याची?"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. नोएलिया बिचारी आणखी मांस वाढवायला सांगायची, देल्मिरा वाढवायची आणि कापितानचं भलं व्हायचं. वाल्देमार स्वतः या सगळ्यात मूग गिळून बसायचा. बरगड्यांशिवाय रविवार न पाहिलेला तो माणूस, महिनोन्महिने वाटीने रस पितोय आणि कुरकुर नाही, हे देल्मिराला त्याच्या शहाणपणाचं लक्षण वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला संशय यायला हवा होता.

शेवटी डॉक्टरांनी तोडून सांगितलं. पुढच्या तपासणीला वजनाचा काटा वर सरकला नाही तर ऑपरेशनचा विषय बंद. नोएलियाला राहवेना आणि ती एक दिवस जेवणाच्या वेळी, न कळवता, सायकलवरून घरीच आली.

देल्मिराला राग आला नाही, उलट बरंच वाटलं. बघू दे पोरीला, कष्ट काय असतात ते. तिने नोएलियाला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, 'माते' या इथल्या कडवट पानांच्या चहाचा तुंबा भरून नळी तिच्याकडे करून दिला आणि तवा तापवला. काप शेकले, तुकडे केले, दाबणी भरली. "बघ हं," म्हणाली आणि पिळलं. रस वाटीत टपकताना तिला आपल्या दंडांचा अभिमान वाटला. "हे हात नसते तर एवढा निघाला नसता."

नोएलियाने तोंडातली नळी काढली. "हा रस कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? त्याच्यासाठी."

"आणि मांस?"

"हेच की मांस. मांसाचा सगळा कस. चावायला लागत नाही, कापलेल्या आतड्याला त्रास नाही."

"नाही, म्हणजे हे," नोएलियाने दाबणीकडे बोट केलं. "याचं काय करता?"

"चोथा? तो कापितानला."

कापितान आपलं नाव ऐकून दारात आला. दोन पायऱ्या चढल्याने त्याला धाप लागली होती. नोएलियाने त्याच्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीतल्या वाल्देमारच्या हाडांकडे पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. तरुण पोरगी, तिला ते आवरलं नाही. देल्मिराचा चेहरा दिसला तेव्हा ते आपोआप थांबलं.

"दोन्या देल्मिरा, ऐका," ती हळू आवाजात म्हणाली. तिने दाबणीतून चोथ्याची चिमूट काढून तळहातावर ठेवली. "रसात रंग आहे, चव आहे, क्षार आहेत, थोडी जीवनसत्त्वं आहेत. भूक लागायला चांगला. पण बाकी पाणीच. अंग ज्यानं भरतं, जखम ज्यानं जुळते, ते प्रथिन बहुतेक सगळं यात राहतं. पेसेतो मी का सांगितला? चरबी जवळजवळ नाही, पचायला जड नाही आणि तळहाताएवढ्या तुकड्यात एका जेवणाचं प्रथिन आहे. लोह आहे. ते सगळं तुम्ही दोन्ही वेळ कुत्र्याला घातलंत."

"माझ्या आईनं हाच रस दिला," देल्मिरा म्हणाली.

"पूर्वी सगळेच द्यायचे. डॉक्टरसुद्धा सांगायचे."

"माझ्या आईला कळत नव्हतं?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतेस?"

देल्मिराने तिच्या हातातला तुंबा काढून घेतला आणि तो पुन्हा न भरता ओट्यावर पालथा ठेवला. या गावात याहून स्पष्ट शब्दांत कुणाला दार दाखवता येत नाही. नोएलियाने सायकल उचलली. फाटकापाशी वळून म्हणाली, "कुस्करून द्या, खिमा करून द्या, कसंही द्या. पण ते त्यांच्या पोटात जाऊ द्या."

देल्मिराने वाटी उचलली आणि तणतणत नवऱ्यासमोर नेऊन आपटली. "पी."

वाल्देमारने वाटीला हात लावला नाही. भिंतीपलीकडून त्याने सगळं ऐकलं होतं. "पोरगी खरं बोलतेय," तो म्हणाला.

"तुला रे काय कळतं?"

"मला माझं अंग कळतं. उभा राहिलो की अंधारी येते."

"मग आजवर तोंड शिवलं होतंस? रोज वाटी उलटी करून दाखवत होतास ना?"

वाल्देमारने पोटावर हात ठेवला. मग खाली बघत बोलला, "रसानं ही पिशवी भरत नाही, देल्मिरा. मांस खाल्लं की भरते. तू ती धुतेस, मी छताकडे बघतो. म्हटलं, जितकं कमी तितकं बरं."

देल्मिरा खुर्चीत बसली. तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच हाताने त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. "गाढवा," एवढंच म्हणाली. "लाज वाटून मरणारा पहिला गुराखी तू."

"बरं, मी गाढव. पण तू का हटून बसलीस? रस गेला तर तुझं काय जातंय?"

तेव्हा तिने नेल्बाचं सांगितलं. तिला एक धाकटी बहीण होती आणि ती लहानपणी गेली, एवढंच त्याला आजवर ठाऊक होतं. देल्मिराचे वडील एका मोठ्या इस्तेटीवर कुंपणाच्या टोकाला राहून मेंढ्या राखायचे. नेल्बाची छाती कमजोर होती. इस्तेटीवर आलेल्या डॉक्टरने सांगितलं, पोरीला कस द्या, गाईच्या मांसाचा रस द्या. त्यांच्या वाट्याला यायचं मेंढीचं मांस, गाय मालकाची. म्हणून आईने मालकिणीचे कपडे धुवायला घेतले, आणि मोबदल्यात गाय कापली की बिनचरबीचा तुकडा मागून आणायची. फडक्यात घालून पिळायची. हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडलेल्या असायच्या, त्यात मिठाचा रस जायचा. थेंबसुद्धा ती दुसऱ्या कुणाला चाखू द्यायची नाही. सगळा नेल्बाला.

"पुढच्या हिवाळ्यात गेली," देल्मिरा म्हणाली. "आई मरेपर्यंत म्हणत होती, माझ्या हातून करायचं काही राहिलं नाही. आणि आता ही कालची पोरगी सायकलवरून येऊन सांगते की पाणी पाजलं."

वाल्देमारने मान हलवली. मग त्याने विचारलं, यात त्याच्या मनात काही नव्हतं, साधंच विचारलं, "म्हणजे तिकडेही कुत्र्यांची चंगळ होती म्हण."

"कुत्र्यांना गाईचं मांस? वेडा आहेस का? वडिलांनी खपवून घेतलं असतं होय?"

"मग तो चोथा कोण खायचं?"

देल्मिराची नजर स्वयंपाकघरातल्या दाबणीकडे गेली.

आई तो चोथा कांद्यावर परतायची, मिळालं तर त्यात अंडं फोडायची आणि थाळी देल्मिराच्या पुढे सारायची. तू धडधाकट आहेस, तुला चोथा चालतो, म्हणायची. हे देल्मिरा विसरली होती असं नाही. इतकी वर्षं ती गोष्ट मनात एका बाजूला पडून होती आणि तिच्याकडे अशा अंगाने बघायचं कारण पडलं नव्हतं, इतकंच. तिने त्या चोथ्यावर पोसलेले आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग उठली, वाटी स्वयंपाकघरात नेली आणि दाबणीतला चोथा खरवडून तव्यावर टाकला. कांदा चिरला. कापितान दारात बसून वाट बघत राहिला.

त्या दिवसापासून वाल्देमारला मांस मिळू लागलं. खिमा करून, मऊ गोळे उकडून, कधी भोपळ्याच्या भाजीत मिसळून. पहिल्या आठवड्यात तो प्रत्येक घासाला तिच्याकडे चोरट्या नजरेने बघायचा, आणि पिशवी भरली की छताकडे. देल्मिरा ती बदलायची, धुवायची आणि वर त्याला ऐकवायची, "भरली? शाब्बास. चार घास आणखी खाल्ले असतेस तर आणखी भरली असती." हळूहळू तो छताऐवजी तिच्याकडे बघायला लागला. पट्टा एक भोक बाहेर आला. तपासणीला काटा वर सरकला, रक्तातलं प्रथिनही वाढलं, आणि डॉक्टर इतुर्रियांनी ऑपरेशनचा वार सांगितला. इस्पितळाच्या व्हरांड्यात नोएलिया समोर आली तेव्हा देल्मिराने काखेतला थर्मास काढला, तुंबा भरला आणि तिच्यापुढे धरला. नोएलियाने तो रिकामा करून परत दिला. देल्मिराने पुन्हा भरला. माफीचा कार्यक्रम तिथे आटोपला.

एक गोष्ट मात्र वाल्देमारच्या नजरेतून सुटली नव्हती. त्याला मांस वाढून देल्मिरा स्वतः मक्याची पेज खायची. कधी नुसता भोपळा. विचारलं तर, दात दुखतोय. दुसऱ्यांदा विचारलं तर, गोयोकडचं मांस हल्ली चांगलं नसतं. गोयोच्या कानावर हे गेलं असतं तर तो सुरी घेऊन धावला असता. वाल्देमारने तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती दुपारी एकटी असताना रडते हेही त्याला कळत होतं. डोळे लाल दिसायचे आणि घरात कांदा तर चिरलेला नसायचा.

इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दुपारी तिने पेसेतोचा अख्खा काप भाजला. आता तो चावून खाऊ शकत होता. वाल्देमारने सुरीने कापाचे दोन भाग केले, मोठा भाग उचलून तिच्या पेजेवर ठेवला.

"हे काय?"

"उद्यापासून मला उठवायचं, बसवायचं, धरून चालवायचं. पेजेवर करणार आहेस?"

"मला नको."

"खा गं."

देल्मिराने काटा उचलला. मग म्हणाली, "नेल्बा खाटेवरून विचारायची मला. रोज. वाटी संपली की बघत बसायची मी काय खाते ते. कसं लागतं गं, देल्मी? मी म्हणायचे, चिंधी चावल्यासारखं. तिला हवंसं वाटू नये म्हणून. आई म्हणाली होती ना, तिला जड पडेल."

वाल्देमारने सुरी खाली ठेवली. "आणि कसं लागायचं?"

तिने काट्याला तुकडा लावला, तोंडात घातला आणि खूप वेळ चावत राहिली. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही.

"छान," ती म्हणाली. "फार छान लागायचं रे. मी थाळी चाटूनपुसून खायचे."